फागुन तीन

"ही सही कुणाची?"

तिनं कागद इतक्या जोरात आपटला की माझा चहा हिंदकळला आणि एका म्हाताऱ्याच्या नागरिकत्वाच्या दाखल्यावर सांडला. मी घाईघाईनं फडकं उचललं, तर तिनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं.

"आधी हे बघा. पुसापुशी नंतर."

"अहो बहिनी, मूळ दाखला आहे तो! डाग पडला तर त्या बिचाऱ्याला पुन्हा जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालावे लागतील."

"मी म्याग्दीच्या डोंगरातून आलेय, दाजू. चौदा तास बसमध्ये बसून. जिल्ह्याचं मला नका सांगू."

दाजू म्हणजे थोरला भाऊ, बहिनी म्हणजे धाकटी बहीण; आमच्याकडे अनोळखी माणसंही एकमेकांना अशीच हाक मारतात. मी चष्मा लावला. सही माझीच होती. तेजकाजी जोशी, नोटरी आणि अनुवादक, बागबजार, काठमांडू. खाली गोल शिक्का, तोही माझ्याच नावाचा.

बागबजारच्या या गल्लीत मी सव्वीस वर्षं बसतो आहे. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, नात्याचा दाखला, नोकरीच्या अनुभवाचा दाखला. नेपाळीतून इंग्रजीत उतरवायचं, सही करायची, शिक्का मारायचा, की माणूस विमानात. आमच्या इमारतीवर इतक्या पाट्या आहेत की खिडक्या शोधाव्या लागतात. जपान, ऑस्ट्रेलिया, विलायत, कॅनडा. नर्स पाहिजेत, इंजिनिअर पाहिजेत, फार्मसिस्ट पाहिजेत. मी स्वतः विमानात पाय ठेवलेला नाही. मला पासपोर्टच नाही.

मी चिडका माणूस आहे, हे आत्ताच सांगून टाकतो. बायको म्हणते, हे सकाळी उठून आधी चिडतात आणि मग कशावर ते शोधतात. पण शोधावं कुठे लागतं? यंदा उन्हाळ्यात काठमांडूशेजारच्या पाटणमध्ये आमच्या आळीतले धनलाल काका वारले. आम्हा नेवारांत गुठीच्या, म्हणजे भाऊबंदांच्या मंडळातल्या, माणसांनीच तिरडी न्यायची असते, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. तर चार धड खांदे मिळेनात. पुढे मी सत्तावन्न वर्षांचा, शेजारी एकसष्टचे, मागे दोघे मधुमेहाचे. घाटावर पोचेपर्यंत तीनदा तिरडी रस्त्यात खाली ठेवावी लागली. बायका खिडक्यांतून बघत होत्या. त्या तिरडीखाली जी पोरं असायला हवी होती, त्या प्रत्येकाचे कागद मी केले होते. प्रत्येकावर माझा शिक्का. मग चिडू नको तर काय करू?

"माझं नाव देउकुमारी पुन," ती म्हणाली. "नर्स आहे. जेठात तुमच्याकडून कागद करून नेले. आठवतंय?"

नाही आठवलं. दिवसाला तीस माणसं येतात. ही तिशीच्या आसपासची, बुटकी, रुंद खांद्यांची मगर जमातीची बाई, केस घट्ट बांधलेले, जीनवर जाड विणीची शाल. रडत नव्हती. रडणाऱ्यांची मला सवय आहे. त्यांना मी खुर्ची देतो, पाणी देतो. हिला खुर्ची पुढे केली तर तिनं ती पायानं मागे सारली आणि पिशवीतून दुसरा कागद काढला.

तो विलायतेच्या व्हिसा कचेरीचा होता. मजकूर थोडका होता. तुमच्या कागदपत्रांत खोटी माहिती दिसते. चौदा दिवसांत खुलासा करा. नाही तर अर्ज फेटाळला जाईल आणि पुढची दहा वर्षं तुम्हाला अर्ज करता येणार नाही.

"माझा नर्सचा परवाना आहे भदौतला, म्हणजे ऑगस्ट २०१७ चा," ती म्हणाली. "आणि तुमच्या कागदाप्रमाणे मी नोकरीला लागले त्याच्या आधी सहा महिने. म्हणजे एक तर मी परवाना नसताना लोकांना सुया टोचत होते, नाही तर अनुभवाचा दाखला बनावट. त्यांचं म्हणणं, दोन्हीतलं कुठलं खरं ते सांगा."

"चौदा दिवस कधी संपतात?"

"आज पाच वाजता."

"आज? आणि आत्ता येताय?"

तिनं वर छताकडे बोट दाखवलं. वर आमच्या मालकांची कन्सल्टन्सी आहे, व्हिसाचे अर्ज भरून देणारी. "पत्र त्यांच्या ईमेलवर आलं. बारा दिवस कुणी उघडलं नाही. परवा फोन केला मला. म्हणाले, तुमच्या कागदात गडबड आहे, तुमचं तुम्ही बघा."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते.

"इस्पितळानं घोळ घातला असेल," मी म्हणालो. माझं ठरलेलं उत्तर आहे ते. सव्वीस वर्षांत चूक कायम दुसऱ्याची निघाली आहे, आणि मला त्याचा अभिमानही होता. "मूळ दाखला काढा."

तिनं काढला. इस्पितळाच्या कारकुनानं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: रुजू झाल्याची मिती, फागुन ३, २०७४. शेजारी माझा इंग्रजी कागद: १५ फेब्रुवारी २०१७.

मी दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग आणखी एकदा.

आमचं विक्रम संवताचं वर्ष बैसाखात बदलतं आणि जगाचं जानेवारीत. म्हणून बैसाखापासून निम्म्या पुसापर्यंत आमच्या सालातून सत्तावन्न वजा करायचे, आणि पूस निम्मा सरला की चैत अखेर छप्पन्न. गल्लीतले नवशिके इथेच मार खातात. बाराही महिने सत्तावन्न वजा करत सुटतात. शिवाय आमचे महिने कधी एकोणतीस दिवसांचे, कधी बत्तीस, आणि तेही दर साली वेगळे. त्यामुळे तोंडी हिशेब करायचाच नसतो. माझे वडील पंचांग करायचे, आजोबाही तेच. वडील मरताना मला दुसरं काही बोलले नाहीत, पण त्याआधी हजारदा बोलले होते: कितीही पाठ असलं तरी पंचांग उघडायचं. माझ्या टेबलाच्या मागे कपाटात संवत दोन हजार सालापासूनची सगळी पंचांगं आहेत, त्यातली निम्मी त्यांच्या हातची शिवलेली. शेजारचे लोक मोबाइलवर तारीख काढतात आणि अडलं की माझ्याकडे येतात. मी त्यांना फैलावर घेतो आणि मग पंचांग उघडून दाखवतो.

मी उठलो आणि दोन हजार चौऱ्याहत्तरचं पंचांग काढलं. फागुन तीन. गुरुवार. १५ फेब्रुवारी २०१८.

सत्तावन्न. मी सत्तावन्न वजा केले होते. कालच्या पोरासारखे.

"निघाली ना तुमची चूक?" मागून ती म्हणाली.

मी पंचांग तिच्यापुढे ठेवलं आणि त्या ओळीवर बोट टेकवलं.

"दाजू, जेठात तुम्ही मला काय म्हणाला होतात ते सांगू? मला पाठ आहे."

"नको."

"सांगते. मी इथेच उभी होते. तुम्ही दाखला वाचलात आणि म्हणालात, बाळंतपणं करणारी नर्स का? जा, तूही जा. डोंगरातली इस्पितळं ओस पाडा, बाया मरू देत वाटेत. तिकडे गोऱ्या म्हाताऱ्यांची अंगं पुसायला जा. दुकानात आठ-दहा माणसं होती. सगळी हसली."

आता आठवलं. शब्दन्‌शब्द आठवला. धनलाल काकांचा तेरावा दिवस होता तो. डोक्यात तिडीक गेली होती, आणि समोर ही सापडली. तोंडाचा पट्टा चालू होता आणि हात लिहीत होता. पंचांग मागे कपाटात होतं. मी वळलो नाही. वळायला एक क्षण लागला असता.

"तेव्हा मी म्हटलं होतं," ती म्हणाली, "दाजू, बोलून झालं असेल तर कागद नीट करा. एवढंच म्हटलं होतं मी."

"बहिनी..."

"बहिनी नका म्हणू. ओस पाडते म्हणालात ना? सात वर्षं करारावर आहे मी. दर असारात करार संपतो आणि दर असारात गावपालिकेच्या अध्यक्षापुढे हात जोडून उभं राहायचं, यंदा ठेवताय का म्हणून. गेल्या साली तीनशे बारा बाळंतपणं केली. रात्री दिवे गेले की बॅटरी दातात धरून. डॉक्टर महिन्यात आठ दिवस असतो. ओस पाडणारी मी? तुमच्या काठमांडूतला एक तरी माणूस आला का तिथे बघायला? इथे खुर्चीत बसून देशप्रेम शिकवता आणि साधी तारीख लिहिता येत नाही!"

दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती. या वेळी कुणी हसलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि गंमत अशी, की राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तिचा एकही शब्द खोटा नव्हता.

"काय लागेल?" मी विचारलं.

"तुमचं पत्र. चूक अनुवाद करणाऱ्याची आहे असं. सही-शिक्क्यासकट. मला नोकरी देणाऱ्या विलायतेच्या इस्पितळातली बाई फोनवर तेच म्हणाली. नुसता दुरुस्त केलेला कागद पाठवला तर म्हणतील, पकडल्यावर तारीख बदलली."

बरोबर होतं तिचं. मी कोरा कागद ओढला.

आवाज ऐकून साहूजी खाली आले. प्रवीण खतिवडा, आमचे मालक, वय चौतीस. सगळी गल्ली त्यांना साहूजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. ते मला दाजू म्हणतात, आणि दाजू म्हणत म्हणत वाटेल ते करून घेतात. नोटरीचा परवाना माझा, शिक्का माझ्या नावाचा, पण शिक्क्याच्या खणाची किल्ली त्यांच्या खिशात. रोज सकाळी उघडून देतात, दुपारी जेवायला गेलं की कुलूप, आणि त्या दिवशी ते अजून उघडलेलं नव्हतं.

त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून अर्धं पत्र वाचलं आणि कागद उचलला.

"दाजू, जरा आत या."

"इथेच बोला."

"बरं. बहिनी, तुम्हाला आपण नवीन कागद करून देतो. बरोबर तारीख टाकून. पाच मिनिटांत. खुलाशात लिहा, इस्पितळाकडून आधीचा दाखला चुकीचा मिळाला होता."

"दाखला बरोबर आहे," देउकुमारी म्हणाली.

"अहो, पण ते विलायतेत कुणाला कळणार?"

"माझ्या इस्पितळाला फोन करतील. मग तिथला कारकून सांगेल, आम्ही चूक केली नाही. मग मी दुसऱ्यांदा खोटी. मग दहा वर्षं." ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. माझ्याकडे बघत होती.

साहूजींनी आवाज खाली आणला. "दाजू, तुम्हाला कळतंय ना काय लिहिताय? असा कागद एकदा बाहेर गेला की तिकडचे लोक आपला शिक्का यादीत टाकतात. मग आपण केलेला प्रत्येक कागद संशयाचा. वर माझ्याकडे दोनशे फायली आहेत. आणि नोटरी परिषद तुमचा परवाना ठेवेल का? या वयात कुठे जाल?"

"तुम्ही बारा दिवस पत्र उघडलं नाहीत."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. तेही लिहू का, विचारत होतो."

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सव्वीस वर्षं पोट भरलं तुमचं या टेबलावर! आणि आज एका बाईपायी..."

"टेबल माझं आहे," मी ओरडलो. इतक्या मोठ्यांदा, की समोरच्या फोटो स्टुडिओतला माणूस दारात आला. "दुकान तुमच्या बापानं चालवलं तेव्हापासून हे टेबल माझं आहे. चूकही माझीच आहे. तुम्हाला त्यातली चिमूटभरही देणार नाही मी!"

बोलून गेलो आणि मलाच नवल वाटलं. आयुष्यभर चिडत आलो, पण स्वतःच्या मालकीच्या गोष्टीवरून पहिल्यांदाच चिडलो होतो.

मी दुसरा कागद घेतला आणि पत्र पुन्हा लिहिलं. टाइप केलं नाही, हातानंच लिहिलं. फागुन ३, २०७४ ही मिती इंग्रजीत उतरवताना मी पंचांग पाहिलं नाही. खरी तारीख १५ फेब्रुवारी २०१८ आहे. मूळ दाखला खरा आहे. चूक अर्जदाराची नाही आणि इस्पितळाचीही नाही. माझी आहे. पंचांगाच्या त्या पानाची प्रत सोबत जोडली. खाली नाव, परवाना क्रमांक, सही.

"किल्ली," मी हात पुढे केला.

"नाही देणार."

"साहूजी, तीन वाजत आलेत."

"शिक्का मारलात तर उद्यापासून येऊ नका."

"उद्यापासून येणार नाही. किल्ली."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या मागे देउकुमारी उभी, तिच्या मागे पाच गिऱ्हाइकं, आणि दारात फोटोवाला. या गल्लीत बातमी सगळीकडे पोचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. साहूजींनी किल्ली टेबलावर फेकली. ती चहाच्या डागावर पडली.

"न्या तो शिक्का. आणि ही रद्दीही न्या." त्यांनी कपाटाकडे हात केला आणि जिना चढून गेले.

मी खण उघडून शिक्का काढला. नेहमी एक मारतो. त्या दिवशी तीन मारले, पत्रावर, प्रतीवर आणि मूळ कागदाच्या मागे. फोटोवाल्याकडे जाऊन तिनं सगळं स्कॅन केलं आणि साडेतीनला पाठवलं. पावणेचारला तिकडून यांत्रिक उत्तर आलं, कागद मिळाले म्हणून. ते उत्तर तिनं दोनदा वाचलं, फोन पिशवीत टाकला आणि मग इतक्या वेळात पहिल्यांदा खुर्चीत बसली. पाणी मागितलं. दोन ग्लास प्यायली.

पुढचं इथेच सांगून टाकतो. तिचा व्हिसा तेवीस दिवसांनी आला. माझा परवाना त्याच्या चार दिवस आधी गेला. व्हिसाचं तिनं मला कळवलं नाही, फोटोवाल्यानं कळवलं. आणि तिनं का कळवावं? आमच्यात काही स्नेह जमला नव्हता. मी तिचं अर्धं आयुष्य बुडवायला निघालो होतो आणि मग ते बुडू दिलं नाही, एवढाच व्यवहार. याबद्दल कुणी मला शाबासकी दिली की माझं डोकं फिरतं. परवा आळीतलेच एक जण म्हणाले, तेजकाजी, मोठा त्याग केलात हो. मी म्हटलं, कसला त्याग? घाण केली होती, ती पुसली.

तर त्या संध्याकाळचं. मी कपाट रिकामं करायला घेतलं. एकूण ऐंशीहून जास्त सालांची पंचांगं. दाराशी तांदळाचं रिकामं पोतं होतं, त्यात भरली. वडिलांच्या हातची खाली, नवी वर. पोतं गच्च भरलं. मी ते दोन्ही हातांनी धरून उचललं, दारापर्यंत नेलं आणि तिथेच ठेवलं. कंबरेत उसण भरली होती. फोटोवाला म्हणाला, दाजू, टॅक्सी बोलावू का. मी म्हटलं, गरज नाही, रत्नपार्कवरून पाटणची बस मिळते. आणि पुन्हा वाकलो.

"सरका," देउकुमारी म्हणाली.

"असू दे. नेतो मी."

"तुम्हाला उचलता येत नाही. सरका."

तिनं खांद्यावरची शाल काढली, तिची लांब घडी घातली आणि पोत्याच्या खालून घेतली. मग जमिनीवर बसून घडीचा मधला भाग कपाळाला लावला, डोंगरातली माणसं लाकडं वाहतात तसा, आणि एका झटक्यात उभी राहिली. पोतं तिच्या पाठीवर. जीन, बूट, पाठीवर ऐंशी वर्षं आणि कपाळावर शालीची घडी. बागबजारच्या गल्लीत लोक थांबून बघायला लागले. कॅनडाच्या पाटीखाली इंग्रजीच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन उभ्या असलेल्या मुलीही बघायला लागल्या.

"बहिनी, अर्धं मी घेतो," मी म्हटलं. "लाज वाटते मला."

"वाटू दे," ती म्हणाली. मान वर करता येत नव्हती तिला, ती रस्त्याकडे बघूनच बोलत होती. "आणि माफ केलं असं समजू नका. मी अजून चिडलेली आहे."

"मीही."

"मग चला."

ती पुढे आणि मी मागे. माझ्याकडे न्यायला फक्त शिक्का होता, कोटाच्या खिशात. रस्त्यावर गर्दी होती, दशैंची, म्हणजे दसऱ्याची, खरेदी चालली होती, मोटारसायकली अंगावर येत होत्या. मी तिच्या मागून चालताना दोनदा म्हटलं, जरा टेका, दम खा. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रत्नपार्कपर्यंत तिनं ते ओझं एकदाही खाली ठेवलं नाही.